काका, पुतण्या आणि भाचा : 'सिंह' हाइनरिखचा वारसा

उंबरठा (धागाकर्ते)

बाराव्या शतकातल्या जर्मनीचा विषय निघाला की सॅक्सनी आणि बव्हेरिया या दोन्ही प्रांतांचा ड्यूक असलेला 'सिंह' हाइनरिख आणि सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा यांची आधी दोस्ती, मग वितुष्ट, एवढीच गोष्ट बहुधा सांगितली जाते. सम्राटाने इटलीच्या मोहिमेसाठी मदत मागितली, हाइनरिखने नाकारली, सम्राट हरला आणि परतल्यावर त्याने हाइनरिखची सगळी सत्ता काढून घेतली. नाट्य म्हणून ही गोष्ट चांगली आहे. परंतु या माणसाची मिळकत कुठून आली आणि कुठे गेली, याचा हिशोब मांडून बसले की वेगळेच चित्र दिसते. घराण्याचे नाव बापाकडून आले, पदव्या राजाकडून आल्या, आणि जमीन मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी कुणा ना कुणा बाईच्या हातून आली. शेवटी टिकली तीही हीच जमीन.

सुरुवात त्याच्या जन्माच्या बरीच आधी करावी लागते. त्याचे घराणे वेल्फ. या घराण्याची मूळ पुरुषशाखा १०५५ मध्येच संपली होती. शेवटचा पुरुष तिसरा वेल्फ निपुत्रिक होता आणि मरताना त्याने आपली सगळी मिळकत आल्टडॉर्फच्या मठाला देऊन टाकली. त्याची आई इमिझा तेव्हा हयात होती. तिने हे दान मान्य केले नाही; तिची मुलगी कुनिगुंडे इटलीत एस्टे घराण्यात दिलेली होती, तिच्या मुलाला म्हणजे आपल्या नातवाला तिने बोलावून घेतले आणि सगळे त्याच्या हवाली केले. हा मुलीचा मुलगा म्हणजे चौथा वेल्फ. पुढचे सगळे 'वेल्फ' त्याचे वंशज. आजीने तेव्हा मठाचे म्हणणे ऐकले असते, तर हा धागा काढण्याचे कारणच उरले नसते.

पुढच्या दोन पिढ्यांत मिळकत उत्तरेकडे वाढली. सॅक्सनीचे बिलुंग घराणे ११०६ मध्ये माग्नुस या ड्यूकच्या मृत्यूने संपले. त्याला मुलगा नव्हता, दोन मुली होत्या. थोरली वुल्फहिल्ड वेल्फांच्या घरी दिलेली, धाकटी ऐलिका बालेनश्टेट घराण्यात. ल्यूनेबुर्गची मालमत्ता वुल्फहिल्डबरोबर वेल्फांकडे आली. ऐलिकाचा मुलगा अल्ब्रेख्ट 'अस्वल' या टोपणनावाने प्रसिद्ध आहे. म्हणजे हाइनरिखचे वडील, हाइनरिख 'गर्विष्ठ', आणि अल्ब्रेख्ट 'अस्वल' हे सख्खे मावसभाऊ, आणि सॅक्सनीसाठी पुढे जे सत्तर-पंचाहत्तर वर्षे चालले ते दोन बहिणींच्या वंशांतले भांडण.

दुसरी ओळ आईकडची. ब्राउनश्वाइगची मिळकत ब्रुनोनेन घराण्याची. त्यांचा शेवटचा पुरुष एकबेर्ट १०९० मध्ये मारला गेला आणि वारसा त्याची बहीण गेरट्रूड हिच्याकडे गेला. तिचे लग्न नॉर्टहाइमच्या काउंटशी झाले होते. त्यांची मुलगी रिखेन्झा हिच्याकडे आई आणि बाप दोघांचाही वाटा आला. रिखेन्झाचे लग्न लोथारशी झाले आणि हा लोथार पुढे सम्राट झाला. त्यांना एकच अपत्य, पुन्हा गेरट्रूड. ती हाइनरिख 'गर्विष्ठ'ची बायको आणि आपल्या 'सिंहा'ची आई. पणजी, आजी, आई अशा तीन पायऱ्यांनी ब्राउनश्वाइग या मुलाच्या पदरात पडले.

सम्राट लोथार डिसेंबर ११३७ मध्ये वारला तेव्हा त्याच्या जावयाकडे सॅक्सनी आणि बव्हेरिया या दोन्ही ड्यूकपदव्या होत्या, राजचिन्हेही त्याच्याच ताब्यात होती. इतका मोठा माणूस राजा झाला तर आपले काय, असे इतर सरदारांना वाटले असल्यास नवल नाही. त्यांनी मार्च ११३८ मध्ये होहेनस्टाउफेन घराण्यातल्या कोनराडला राजा निवडले. कोनराडने दोन्ही पदव्या काढून घेतल्या. सॅक्सनी अल्ब्रेख्ट 'अस्वला'ला दिली आणि बव्हेरिया ऑस्ट्रियाच्या बाबेनबेर्ग घराण्याला. ऑक्टोबर ११३९ मध्ये हाइनरिख 'गर्विष्ठ' क्वेडलिनबुर्ग येथे मरण पावला. मागे राहिला दहा वर्षांच्या आसपासचा मुलगा, विधवा आई आणि म्हातारी आजी.

या वेळी सॅक्सनी लढवली ती आजी रिखेन्झाने. तिथले सरदार तिच्यामागे उभे राहिले, कारण त्यांच्या दृष्टीने ती नुसती सम्राटाची विधवा नव्हती, त्या मातीची मालकीण होती. ती ११४१ मध्ये वारली, आणि ११४२ मध्ये फ्रांकफुर्टला तडजोड होऊन सॅक्सनी मुलाला परत मिळाली. त्या तडजोडीत आई गेरट्रूडचे लग्न बाबेनबेर्गांच्या हाइनरिख यासोमिरगोटशी लावून देण्यात आले आणि बव्हेरिया सावत्र बापाकडे गेला. वर्षभरात, एप्रिल ११४३ मध्ये, तीही गेली.

बव्हेरिया परत मिळाला ११५६ मध्ये, बार्बारोसाच्या काळात. यासोमिरगोटला भरपाई म्हणून ऑस्ट्रियाची स्वतंत्र ड्यूकपदवी निर्माण करून देण्यात आली आणि त्या सनदेत मुलगा नसल्यास मुलीलाही वारसा मिळेल असे कलम घातले गेले. अशा कलमाची किंमत त्या काळात सगळ्यांनाच चांगली कळत होती.

आता शीर्षकातल्या नात्यांकडे येतो, कारण मराठीत ती जितकी स्वच्छ मांडता येतात तितकी फार थोड्या भाषांत येतात. हाइनरिख 'गर्विष्ठ'ची बहीण युडिथ ही बार्बारोसाची आई. म्हणजे सम्राट हा आपल्या 'सिंहा'चा आत्तेभाऊ. या दोघांमध्ये उभा असलेला म्हातारा म्हणजे सहावा वेल्फ, हाइनरिख 'गर्विष्ठ'चा धाकटा भाऊ; तो 'सिंहा'चा काका आणि बार्बारोसाचा मामा. दक्षिणेकडची, म्हणजे श्वाबेनमधली रावेन्सबुर्ग-आल्टडॉर्फ परिसरातली वेल्फांची मूळ मिळकत आणि इटलीतली मिळकत या काकाकडे होती. त्याचा एकुलता एक मुलगा ११६७ मध्ये रोमजवळ सम्राटाच्या सैन्यात पसरलेल्या तापाच्या साथीत दगावला. त्यानंतर काकाने राज्यकारभारातून मन काढून घेतले आणि मेजवान्या, शिकारी, दानधर्म यांत पैसा उधळायला सुरुवात केली. पैसा संपत आला तेव्हा त्याने पुतण्याला सांगितले की, मला रोख दे, माझ्यामागे सगळे तुझे. पुतण्याने मान्य केले, पण पैसे देण्यात चालढकल केली. इतिवृत्तकार सांगतात की, म्हातारा आज ना उद्या जाणारच, मग फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी पैसे कशाला मोजायचे, असा सल्ला त्याला कुणीतरी दिला होता. म्हातारा कंटाळून भाच्याकडे गेला आणि भाच्याने पैसे मोजले. आधी इटलीतली मिळकत आणि मग ११७० च्या दशकाच्या अखेरीस श्वाबेनमधली मिळकत होहेनस्टाउफेनांकडे, म्हणजे बार्बारोसाच्या घराण्याकडे, गेली. काका त्यानंतरही कित्येक वर्षे मजेत जगला आणि डिसेंबर ११९१ मध्ये मेमिंगेन येथे वारला, तोवर भाचादेखील मरून दीड वर्ष झाले होते.

माझ्या मते हाइनरिखच्या आयुष्यातली सर्वांत महागडी चूक ही होती, इटलीला सैन्य न पाठवणे नव्हे. जाणकारांनी भर घालावी.

---

सातबारा

धागा आवडला. एक शंका आहे. सम्राटाने ११८० मध्ये पदव्या काढून घेतल्या, पण ब्राउनश्वाइग आणि ल्यूनेबुर्ग त्याच्याकडेच राहिले. म्हणजे पदवीबरोबर मिळालेली जमीन आणि स्वतःची जमीन यांत कायद्याने फरक होता, असे समजावे का? आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर एक सरंजाम आणि दुसरे वतन?

---

उंबरठा

फरक होता, आणि तुमच्या जोडीतला पहिला शब्द बराच जुळतो. ड्यूकपद हे राजाने सेवेच्या बदल्यात दिलेले. राजाशी निष्ठा मोडली, बोलावल्यावर दरबारी हजर झाला नाही, तर ते परत घेता येत असे. दुसऱ्या प्रकाराला तिकडे 'आलोड' म्हणतात. ही घराण्याची स्वतःची, कुणाकडून न मिळालेली जमीन. तिला वतन म्हणायला मी कचरेन, कारण वतनाला गावाची किंवा परगण्याची चाकरी चिकटलेली असते. मिरास हा शब्द अधिक जवळचा, तरी मिरासदार सरकारला सारा देत असे आणि आलोडाच्या मालकाला वर कुणी धनीच नव्हता. शिवाय आलोड मुलगा नसेल तर मुलीकडे जाई. सारा लेख त्या एका गोष्टीवर उभा आहे.

---

कोरडा दुष्काळ

धागाकर्त्यांशी थोडा मतभेद नोंदवतो. राज्याच्या न्यायालयात दोन वेगळ्या कायद्यांखाली हाइनरिखवर कारवाई झाली. सॅक्सन सरदारांच्या तक्रारींवरून त्याला ११७९ मध्ये वर्म्स आणि माग्डेबुर्ग येथे बोलावण्यात आले, तो आला नाही, आणि त्याच्यावर बहिष्काराची, म्हणजे कायद्याचे संरक्षण काढून घेण्याची, शिक्षा लागली. नंतर सरंजामी कायद्याखाली वेगळी कारवाई होऊन जानेवारी ११८० मध्ये व्युर्त्सबुर्ग येथे पदव्या गेल्या. बहिष्कार वर्षभर उठला नाही की आलोडही जप्त होत असे. तेव्हा 'स्वतःची जमीन कुणी काढू शकत नव्हते' असा वाचकांचा समज होत असेल तर तो बरोबर नाही. नोव्हेंबर ११८१ मध्ये हाइनरिखने एरफुर्टला सम्राटाच्या पायांवर लोटांगण घातले, तेव्हा आलोड त्याला सम्राटाच्या कृपेने परत मिळाले.

दुसरे असे की, इटलीच्या प्रसंगाला आपण फारच झटकून टाकले आहे. ११७६ च्या सुरुवातीला आल्प्सच्या पायथ्याशी कियावेन्ना येथे भेट झाली, आणि मदतीच्या बदल्यात हाइनरिखने गोस्लार मागितले असे सांगतात. गोस्लारला लागून रामेल्सबेर्गची चांदीची खाण. सम्राटाने ती दिली नाही आणि मे महिन्यात लेन्यानोला लोंबार्डीच्या शहरांकडून तो हरला. हा राग काकाच्या मिळकतीपेक्षा मोठा नव्हता काय?

---

उंबरठा

पहिला मुद्दा पूर्ण मान्य. मी तो लेखात घालायला हवा होता. फक्त एवढेच म्हणतो की, जप्त करता येत असूनही सम्राटाने आलोड परत केले, यातच त्याचे वजन दिसते. पदव्या वाटून टाकणे सोपे होते, कारण घेणारे रांगेत उभे होते. एप्रिल ११८० च्या गेल्नहाउझेनच्या सनदेने सॅक्सनीचे दोन तुकडे झाले. पश्चिमेकडचा वेस्टफालिया कोलोनच्या आर्चबिशपला मिळाला आणि पूर्वेकडचा भाग अल्ब्रेख्ट 'अस्वला'चा मुलगा बर्नहार्ड याला. त्याच वर्षी सप्टेंबरात बव्हेरिया ओटो फॉन व्हिटल्सबाखला मिळाला आणि त्याचे घराणे तिथून १९१८ मध्ये उठले. ब्राउनश्वाइगची गोष्ट वेगळी होती. तिथली माणसे, किल्लेदार, चाकर हे पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरचे होते. तिथे दुसरा कुणी बसवणे म्हणजे रोजची कटकट. हे माझे मत आहे, सनदेत तसे लिहिलेले नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर तुमचे बरोबर असेल. पण सरदार चिडले होते ते इटलीमुळे नव्हते. दुसऱ्याच्या घरातला पुरुष मेला की हाइनरिख वारसा सांगत दारात उभा, हा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव होता. श्टाडेच्या काउंटला ११४४ मध्ये डिथमार्शेनच्या शेतकऱ्यांनी मारले, तेव्हा त्याच्या पाद्री भावाने मिळकत ब्रेमेनच्या आर्चबिशपला देऊ केली. हाइनरिख तेव्हा जेमतेम पंधराचा. पुढच्या वर्षी वाटाघाटीच्या बैठकीतच त्याच्या माणसांनी आर्चबिशपला धरले आणि श्टाडे पदरात पाडून घेतले. ११५२ मध्ये विन्झेनबुर्गच्या काउंटचा खून झाला, तिथेही वारसा सांगायला हा आणि अल्ब्रेख्ट 'अस्वल' दोघेही हजर. बायकोची मिळकतही त्याने सोडली नाही. पहिली बायको क्लेमेन्शिया हिच्या हुंड्यात दक्षिणेतला बाडेनवाइलरचा किल्ला आला होता. ११५८ मध्ये तो सम्राटाला देऊन त्याने हार्त्स डोंगरातले हेर्त्सबेर्ग आणि शार्त्सफेल्स हे किल्ले घेतले, आणि चार वर्षांनी तिला घटस्फोट दिला. हुंडा मात्र बदललेल्या रूपात आपल्याकडेच ठेवला.

---

इझारचे पाणी

मी म्युनिकमध्ये राहते, म्हणून बव्हेरियाच्या बाजूची एक भर घालते. या शहराची पहिली नोंद हाइनरिखच्या एका दांडगाईतून झाली आहे. मिठाचे गाडे इझार नदी ओलांडत ते फ्रायझिंगच्या बिशपच्या फ्योरिंग येथल्या पुलावरून, आणि जकात बिशपला मिळे. हाइनरिखने तो पूल आणि तिथला बाजार मोडून काही किलोमीटर वर आपला पूल बांधला. बिशप होता ओटो, नामवंत इतिहासकार आणि यासोमिरगोटचा भाऊ, म्हणजे हाइनरिखच्या सावत्र बापाचा भाऊ. १४ जून ११५८ रोजी आउग्सबुर्ग येथे सम्राटाने निवाडा दिला की, बाजार नव्या जागीच राहील आणि जकातीचा व टांकसाळीचा तिसरा हिस्सा बिशपला द्यावा. हाइनरिख पडल्यावर ११८० मध्ये हा निवाडा फिरवण्यात आला, पण तोवर शहर उभे राहिले होते. बिशपच्या हिश्श्याची ती देणी शहराने अखेर १८५२ मध्ये फेडून टाकली. दरवर्षी जूनमध्ये इथे शहराचा वाढदिवस साजरा होतो, तेव्हा मोडलेल्या पुलाचा उल्लेख जरा हळू आवाजात होतो.

---

सातबारा

मुलांचे काय झाले? बापाच्या मिळकतीची वाटणी झाली असेलच.

---

उंबरठा

झाली. दुसरी बायको माथिल्डे ही इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीची मुलगी. १ फेब्रुवारी ११६८ रोजी मिंडेनच्या कॅथेड्रलमध्ये लग्न झाले तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची होती. पदव्या गेल्यावर हाइनरिख ११८२ ते ११८५ सासऱ्याच्या आश्रयाला राहिला. ११८९ मध्ये त्याला पुन्हा जावे लागले. त्या वर्षी जूनमध्ये ब्राउनश्वाइगला माथिल्डे वारली, आणि शरद ऋतूत तो परतला तेव्हा आपल्याला पूर्वी दाराबाहेर ठेवणारे बार्डोविक शहर त्याने जमीनदोस्त केले. ६ ऑगस्ट ११९५ रोजी तो ब्राउनश्वाइगमध्येच वारला. स्वतः बांधायला घेतलेल्या कॅथेड्रलमध्ये माथिल्डेच्या शेजारी त्याची कबर आहे.

मागे तीन मुलगे राहिले. थोरल्या हाइनरिखने बापाचीच वाट धरली आणि र्‍हाइनच्या पॅलेटिन काउंटच्या मुलीशी गुपचूप लग्न करून सासऱ्याचे पद मिळवले. मधला ओटो १२०९ मध्ये सम्राट झाला. धाकटा विल्हेल्म बापाच्या हद्दपारीत विंचेस्टरला जन्मलेला. १२०२ मध्ये पाडेरबोर्नला वाटणी झाली. ब्राउनश्वाइग ओटोला, ल्यूनेबुर्ग विल्हेल्मला, श्टाडे आणि उत्तर-पश्चिमेचा भाग थोरल्याला. ओटो निपुत्रिक वारला. थोरल्याचा मुलगा १२१४ मध्ये बापाआधी गेला आणि थोरल्याच्या मागे दोन मुलीच उरल्या. विल्हेल्मचा एकुलता मुलगा, ओटो 'बाळ', एवढाच पुरुष वारस राहिला. १२२३ मध्ये थोरल्या काकाने ब्राउनश्वाइग या पुतण्याच्या नावे केले. या वेळी काका-पुतण्याचे जमले.

पण दोन मुलींचे हक्क होतेच. एक बाडेनच्या मार्ग्रेव्हला दिलेली, दुसरी बव्हेरियाच्या व्हिटल्सबाखांकडे. सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने, म्हणजे बार्बारोसाच्या नातवाने, दोघींचे हक्क विकत घेतले. आजोबांची युक्ती नातवाने पुन्हा वापरली. ऑगस्ट १२३५ मध्ये माइन्त्सच्या दरबारात शेवटी तोडगा निघाला. ओटोने ल्यूनेबुर्गचे आलोड सम्राटाच्या स्वाधीन केले, सम्राटाने त्यात आपण घेतलेले ब्राउनश्वाइगचे हक्क घातले आणि दोन्ही मिळून 'ब्राउनश्वाइग-ल्यूनेबुर्ग' ही नवी ड्यूकपदवी ओटोला परत दिली. 'सिंहा'ने ११८० मध्ये घालवलेली पदवी त्याच्या नातवाला पंचावन्न वर्षांनी आजी-पणजीच्या जमिनीवर नव्याने उभी करून मिळाली. आणि ती मुलगे व मुली दोघांकडेही जाईल, असे सनदेत नमूद आहे.

---

जुनी पेठ

याच ओटो 'बाळा'च्या वंशात पुढे हानोफरचे घराणे आले आणि १७१४ मध्ये पहिला जॉर्ज इंग्लंडच्या गादीवर बसला. जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला तेव्हा इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज होता आणि तो हानोफरचाही राजा होता. आपल्या शालेय इतिहासातला हा राजा 'सिंहा'चा थेट पुरुषवंशज, हे मला या धाग्यामुळे कळले.

१८३७ ची गंमतही इथेच नोंदवावी. व्हिक्टोरिया गादीवर आली तेव्हा हानोफरच्या नियमाप्रमाणे घराण्यात पुरुष असताना बाईला वारसा नव्हता. म्हणून पुतणीला लंडन मिळाले आणि हानोफर काका एर्न्स्ट आउगुस्टला गेले. १२३५ च्या सनदेतल्या 'मुली' या शब्दाचे तोवर काय झाले होते कोण जाणे.

---

उंबरठा

उत्तम भर. इंग्लंड आणि हानोफर त्या दिवशी वेगळे झाले आणि १८६६ मध्ये हानोफर प्रशियाने गिळले. ब्राउनश्वाइगमध्ये मात्र वेल्फ ड्यूक नोव्हेंबर १९१८ पर्यंत होता.

---

कोरडा दुष्काळ

एक शेवटचा प्रश्न. आपण हे बायकांच्या वारशाचे सूत्र लावले आहे, ते आपल्या आजच्या नजरेने लावलेले नाही ना? हाइनरिखला स्वतःला तसे वाटत होते, याला काही आधार?

---

उंबरठा

आधार आहे, आणि तो चित्राचा आहे. हाइनरिखने ब्राउनश्वाइगच्या कॅथेड्रलसाठी हेल्मार्सहाउझेनच्या मठातून गॉस्पेलची एक हस्तलिखित प्रत करवून घेतली होती. डिसेंबर १९८३ मध्ये लंडनला तिचा लिलाव झाला आणि ८१ लाख पौंडांहून अधिक किमतीला ती जर्मनीत परत आली. पैसे घालणाऱ्यांत लोअर सॅक्सनी आणि बव्हेरिया ही दोन्ही राज्ये होती. आता ती वोल्फेनब्युटेलच्या ग्रंथालयात आहे.

त्या पोथीत एक पूर्ण पानभर चित्र आहे. हाइनरिख आणि माथिल्डे गुडघे टेकून आहेत आणि आकाशातून आलेले हात दोघांच्या डोक्यांवर मुकुट ठेवत आहेत. माथिल्डेच्या मागे तिचा बाप इंग्लंडचा राजा आणि त्याची आई उभी आहे. हाइनरिखच्या मागे नावांसकट चार माणसे आहेत. जिच्यामुळे घराणे टिकले ती इमिझा नाही, चौथा वेल्फ नाही, पैशांसाठी थांबवून ठेवलेला काकाही नाही. बापाच्या बाजूचा एकटा बाप आहे. उरलेली तिघे म्हणजे आई गेरट्रूड, आजोबा लोथार आणि आजी रिखेन्झा.